मामींनी आधीच उरकलेला निरोप

मामी माणसाच्या तोंडावर बोलायच्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, आमच्या सोसायटीतही अशा दोघी-तिघी आहेत. पण तुमची सोसायटी सेंदाईत नाही. जपानच्या उत्तरेकडच्या या विद्यापीठाच्या गावात माणसं 'नाही' म्हणायच्या आधी दातांमधून श्वास आत ओढतात, मान तिरकी करतात, 'जरा अवघड आहे' असं पुटपुटतात, आणि आपल्याला नकार मिळाला हे आपण घरी जाऊन आमटीला फोडणी घालताना ओळखायचं असतं. अशा गावात एका बर्फाच्या संध्याकाळी बस चुकली म्हणून मी समोरचं लाकडी दार ढकलून आत गेले, तर काउंटरमागची एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुम्ही रडून आला आहात. बसा. आधी नाक पुसा, मग काय पिणार ते सांगा."

मला धक्काच बसला. रडून आले होते हे खरं होतं. वर्षभर जिवापाड जपलेला धातूचा नमुना त्या दुपारी भट्टीत तडकला होता आणि मी बसस्टॉपवर यथेच्छ रडून, चेहरा नीट पुसून आले होते. रांगेतल्या कुणाला कळलं नव्हतं, किंवा कळूनही सगळे शिस्तीत बर्फाकडे बघत होते. आणि ही कोण कुठली बाई माझ्यापुढे कागदी रुमालाचा डबा सरकवत होती. मी नाक पुसलं. न पुसून सांगते कुणाला.

आत आल्यावर कळलं की हा पब आहे. आता पब म्हटल्यावर आमच्या पुण्यात डोळ्यांपुढे येतं ते वेगळं: दारात दोन दांडगे पहिलवान, आत निळा अंधार आणि छातीत धडधडणारं संगीत. इथे एक लांब लाकडी काउंटर, सात-आठ उंच स्टुलं, भिंतीवर जुनी घड्याळं आणि पुस्तक वाचत बसलेले दोन म्हातारे. गाणं नाही, टीव्ही नाही. मामींचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. इंग्लंडच्या बंदरात त्यांना तिथल्या गल्लीबोळातल्या पबचं वेड लागलं आणि नोकरी सोडून त्यांनी आपल्या गल्लीत तसाच एक थाटला. ते गेल्यानंतर मामीच सगळं बघत होत्या. मूलबाळ नव्हतं.

अर्थात तेव्हा त्या मामी नव्हत्या. नेहमीचे लोक त्यांना 'मामा' म्हणायचे. जपानात अशा ठिकाणच्या मालकिणीला मामाच म्हणतात, इलाज नाही. पण माझी जीभ काही वळेना. बाईमाणसाला मामा? शेवटी मी त्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे मामा हा पुरुष असतो आणि त्याच्या बायकोला मामी म्हणतात, तर मी तुम्हाला मामी म्हणेन. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "ही मामी भाच्यांना रागावते का?" मी म्हटलं, भरपूर. "मग चालेल," म्हणाल्या. वर्षभरात ते म्हातारेही त्यांना 'मामी' म्हणायला लागले. तेव्हा कुठे माझं मन थाऱ्यावर आलं.

घरी मी पबमध्ये जाते हे सांगायची सोय नव्हती. म्हणून आईला फोनवर सांगितलं, "इथे एक मामी आहेत, त्यांच्याकडे मी शुक्रवारी जेवायला जाते." यात खोटं एक अक्षरही नव्हतं. आईने मनाशी सेंदाईत राहणाऱ्या कुणी गोखले किंवा भिडे मामी उभ्या केल्या, आणि पुढच्या वेळी कुणाबरोबर तरी त्यांच्यासाठी खण आणि मेतकूट पाठवून दिलं. खण मामींनी फ्रेम करून काउंटरमागे लावला. मेतकूट त्यांनी बटाट्याच्या क्रोकेटवर, म्हणजे आपल्या पॅटिससारख्या तळलेल्या गोळ्यांवर, भुरभुरवून खाल्लं, पाव मिनिट विचार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा, हे बिअरबरोबर फार चांगलं लागतं." हा निरोप मी आईपर्यंत पोचवला नाही.

बिअरचीही एक तऱ्हाच होती. जपानात बिअर म्हणजे दात शिवशिवतील अशी गार. मामींकडची एल जातीची, नुसती तळघरातल्या हवेइतकी थंड. तळघरातल्या पिंपातून ती हाताने वर ओढायची, त्यासाठी काउंटरवर एक लांब दांडा. मामी तो दोन्ही हातांनी ओढायच्या तेव्हा मला आमच्या आजोळचा हापसाच आठवायचा. मी पहिला घोट घेऊन म्हटलं, ही कोमट आहे. त्या म्हणाल्या, "कोमट नाही, जिवंत आहे. पिंपात अजून काम चालू आहे तिचं. बर्फात घातलं तर तुम्ही तरी काम कराल का?" माझ्या प्रयोगशाळेत हिवाळ्यात हीटर बंद ठेवायची पद्धत होती, त्यामुळे मी मुकाट्याने दुसरा घोट घेतला.

त्या बिअरच्या जिवाची त्यांना भारी काळजी. एकदा संध्याकाळी बऱ्यापैकी भूकंप झाला. भिंतीवरची घड्याळं हलली, आम्ही सगळे काउंटरखाली वाकलो, आणि मामी? मामी जिन्यावरून तळघरात. मी ओरडले, वर या म्हणून. जमीन थांबल्यावर त्या सावकाश वर आल्या, अंगावर धूळ, आणि म्हणाल्या, "पिंपातला गाळ ढवळला. आज कुणाला मिळणार नाही. घाबरलेली आहे ती, दोन दिवस बसू दे." आणि सगळ्यांना चहा देऊन घरी पाठवलं. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला होता. पिंपासाठी कुणी जीव धोक्यात घालतं का?

पण सगळ्यात मोठा उपकार आणि सगळ्यात मोठा आघात त्यांनी माझ्यावर जेवणातून केला. मी शाकाहारी. सेंदाईत शाकाहारी असणं म्हणजे रोजची परीक्षा, कारण या गावाची शान म्हणजे भाजलेली बैलाची जीभ, स्टेशनपासून सगळीकडे तिचाच वास. मी आपली स्टेशनवर साधे नूडल्स खाऊन वर्ष काढलं होतं. दुकानदाराला विचारायचे, यात मांस-मासे नाहीत ना? तो हसून 'नाहीत' म्हणायचा. मामींना हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मेधा-सान, त्या रश्शाला चव कशाने येते असं वाटतं तुम्हाला? सुकवलेल्या माशाने. तुम्ही वर्षभर रोज मासा खाताय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि या वेळी भूकंप नव्हता. मी दोन दिवस धड जेवले नाही. आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला वाईट वाटू नये म्हणून मासा खाऊ घातला होता, आणि एकटीने मला वाईट वाटू दिलं होतं. त्यानंतर मामींनी माझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या अळंब्यांचा रस्सा वेगळा करायला सुरुवात केली. बटाटा आणि चीज भरून भाजलेला इंग्लिश 'पाय', मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा लावलेलं वांगं, हे सगळं मी निर्धास्तपणे खाल्लं ते फक्त त्यांच्या हातचं. कारण त्या खोटं बोलत नाहीत, एवढी खात्री होती.

वाईट बोलायच्या तितक्याच सहज त्या चांगलंही बोलायच्या, आणि त्याने माणूस जास्त गडबडायचा. कोपऱ्यात बसणारे सातो-सान निवृत्त बस-ड्रायव्हर. बोलणं शक्य तितकं कमी. मामी एकदा त्यांना म्हणाल्या, "तुम्ही ग्लास खाली ठेवता तेव्हा आवाज करत नाही. गेली कित्येक वर्षं बघतेय. मला ते फार आवडतं, सांगून ठेवते." सातो-सान कानापर्यंत लाल झाले आणि पुढचा ग्लास त्यांच्या हातून धाडकन आदळला. मग मामी त्याच सुरात म्हणाल्या, "तुमच्या बायकोच्या अंत्यविधीला तुम्ही तिच्या लोणच्याबद्दल किती सुंदर बोललात. तिला सांगितलं होतंत का कधी?" सातो-सान म्हणाले, नाही. "मग फोटोला सांगून काय मिळालं?" असं विचारतात का विधुर माणसाला? सातो-सान मात्र मान खाली घालून बराच वेळ 'खरंय, खरंय' म्हणत राहिले.

मग माझी आई गेली. अचानक गेली. दादाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तिकीट मिळून, विमान बदलून पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, मला म्हणाले, "आलीस? हातपाय धू." एवढंच. परत आल्यावरच्या शुक्रवारी मी मामींकडे गेले आणि सांगितलं. लोक काय म्हणतात अशा वेळी, ते मला ऐकायचं होतं. मामींनी रस्सा पुढे ठेवला आणि विचारलं, "आईला काय सांगायचं राहिलं?"

मी भडकले. म्हटलं, हा काय प्रश्न आहे? आणि रस्सा तसाच टाकून उठले. घरी जाईपर्यंत मला उत्तर माहीत होतं, म्हणून तर जास्त राग आला होता. आपल्याकडे एक रीतच आहे. परदेशात गेलेल्या मुलीने आईला फोनवर रडगाणंच ऐकवायचं. थंडी फार आहे, जेवायचे हाल आहेत, भाषा येत नाही, तुझी आठवण येते. मी इथे मजेत आहे असं म्हटलं तर आईला वाटायचं, बघा, हिला आता आपली गरज नाही. म्हणून आम्ही सगळ्याजणी सुख लपवतो आणि सर्दी सांगतो. मलाही सेंदाई आवडायची. काम आवडायचं, बर्फ आवडायचा, शुक्रवार आवडायचा. आणि आई गेली ती, आपली पोरगी तिकडे हालात दिवस काढतेय अशी समजूत घेऊन. बाबांना तिने शेवटच्या आठवड्यातही सांगितलं होतं, मेधाला परत बोलवा.

महिनाभराने मी पुन्हा गेले आणि हे सगळं मामींना सांगितलं. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. दांडा ओढत म्हणाल्या, "आता ते वाक्य तुमच्याकडेच राहणार. जड असतं." तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की आता जे माझं माणूस जाईल, त्याच्या उशाशी मी असणार. मामी पंचाहत्तरीला आल्या होत्या, मूलबाळ नाही. त्यांचं करायला मीच असेन. त्यांना न विचारताच मी हे ठरवलं होतं.

आणि मग एका शुक्रवारी, वांग्याची बशी पुढे ठेवताना, त्यांनी विचारलं, "मेधा-सान, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी दुपारी मोकळ्या आहात का? माझा अंत्यविधी आहे."

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "काहीतरी अभद्र काय बोलता!" मला वाटलं, माझं जपानी कच्चं. सातो-सानकडे बघितलं तर ते खिन्नपणे मान हलवत होते, म्हणजे ऐकलं ते बरोबरच होतं. मामी शांतपणे समजावून सांगू लागल्या. डॉक्टरांनी पुढचा हिवाळा धरू नका म्हटलं आहे. पब बंद करून त्या समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात जाणार, पुतणी तिथून जवळ राहते. जाण्याआधी जिवंतपणीच आपला अंत्यविधी करून घ्यायचा. जपानात काही लोक करतात म्हणे असं. "एरवी लोक इतकं छान बोलतात आणि मी तिथे आडवी पडलेली. काय उपयोग? मला ऐकायचंय."

मी घरी येऊन डोकं धरून बसले. आमच्याकडे 'मी गेल्यावर' असं कुणी म्हणालं तरी दुसरा त्याला वाक्य पुरं करू देत नाही. निघतानासुद्धा 'जाते' म्हणत नाही आपण, 'येते' म्हणतो. आणि ही बाई काळे कपडे घालून या म्हणते, धडधाकट दांडा ओढत. जायचं नाही असं ठरवलं. मग वाटलं, मी नाही गेले तर तिथे तिच्या बाजूने कोण असणार? सगळे तिला मारायलाच जमणार. मग मी जे केलं ते, पुण्याच्या पेठेत वाढलेली कुठलीही मुलगी चिडली तर करेल तेच होतं.

रविवारी दुपारी मी हिरवी पैठणी नेसून गेले. हातात ताट. ताटात कणकेचा दिवा, कारण माझ्याकडे निरांजन नव्हतं. कुंकवाची डबी, अक्षता, माझ्या बोटातली अंगठी, आणि सुपारी सेंदाईत कुठे मिळायची म्हणून एक अक्रोड. दार ढकललं तर आत सगळे काळ्या सुटात. काउंटरवर मामींचा मोठा फोटो, भोवती पांढरी फुलं, आणि फोटोशेजारी खुद्द मामी, काळ्या किमोनोत, लोकांना बिअर भरून देतायत. मला पाहून सगळे थबकले. हिरवी साडी बघून सातो-सानांचा ग्लास तोंडापर्यंत पोचायचा थांबला.

एकेकजण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, घटस्फोट झाला तेव्हा मामींनी मला 'तुमचीच चूक होती' असं सांगितलं, आणि तेवढं एकच खरं वाक्य मी त्या वर्षी ऐकलं. सातो-सान उठले, फोटोकडे वळून बोलायला लागले, तेव्हा मामी म्हणाल्या, "इकडे. मी इकडे आहे." सातो-सान त्यांच्याकडे वळले, आणि भाषणाऐवजी त्यांनी ग्लास उचलला आणि आवाज न करता खाली ठेवला. मामींनी त्यांना खाली वाकून नमस्कार केला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मामी, या स्टुलावर बसा. पूर्व कुठे? फोनवर बघून पूर्व शोधली, तर तिकडे संडासाचं दार. म्हटलं असू दे. दिवा पेटवला तसे दोघे पाण्याचे ग्लास घेऊन धावले, इथे लाकडी घरांत लोकांना आगीची फार धास्ती. मामींनी हाताने त्यांना थांबवलं. मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मामी विधवा होत्या. आमच्याकडे अजून काही घरांत अशा वेळी हात आखडतो. माझा आखडला नाही. डोक्यावर अक्षता टाकल्या, अंगठी आणि अक्रोड फिरवला, आणि ताट ओवाळलं.

"हे काय आहे?" मामींनी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे पंचाहत्तरीला असं करतात. माणसाने अजून खूप जगावं म्हणून."

लोक अंत्यविधीला आले होते आणि मी आयुष्य मागत होते. मामी माझ्याकडे बघत राहिल्या, नाकावर तांदळाचे दोन दाणे. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. "मी इथे इतकी तयारी करून मरायला बसलेय," त्या म्हणाल्या, "आणि ही मला परत पाठवतेय." सगळे हसले. मी ताट खाली ठेवून जागेवर जायला वळले, तसा त्यांनी माझा हात धरला. "दिवा झाला. बोलायचं राहिलंय. त्यातून सुटका नाही."

मला भाषण येत नव्हतं. जपानीत तर नाहीच. मी एवढंच म्हटलं, "मामी, मी इथे सुखात आहे. बरंचसं तुमच्यामुळे."

त्यांनी हात सोडला नाही. "पहिलं वाक्य माझं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण घेते. दुसरं माझं आहे." मग मात्र मी रडले, आणि या वेळी नाक पुसा असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळं आटोपलं. मामींची सवय अशी होती की प्रत्येक गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला यायचं आणि 'माता' म्हणायचं, म्हणजे 'पुन्हा'. आपल्या हिंदी सिनेमांमुळे आपल्याला वाटतं की जपानी लोक उठता-बसता सायोनारा म्हणतात. रोज कुणी म्हणत नाही. इतक्या वर्षांत मी तो शब्द कुणाच्या तोंडून धड ऐकला नव्हता. त्या दिवशी मामी दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाचं नाव घेऊन म्हणाल्या, "सायोनारा." मी म्हटलं, "येते मामी." त्यांनी मान हलवली, "नाही. सायोनारा." आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

मला ते सगळं एक सुंदर नाटक वाटलं होतं. वसंतात मी शिरा केला, डब्यात भरला आणि ट्रेनने समुद्राकाठच्या त्या वृद्धाश्रमात गेले. स्वागतकक्षातल्या मुलीने आत फोन केला, ऐकून घेतलं, आणि उठून माझ्यासमोर येऊन वाकली. तिला बोलणं फार जड जात होतं. "त्या म्हणतात... त्या म्हणतात की त्या वारल्या आहेत. अंत्यविधीला तुम्ही होतात. मेलेल्या माणसाला भेटायला येऊ नये."

मी डबा घेऊन तिथल्या बाकावर बसून राहिले. संताप संताप झाला. ही कसली मस्करी? त्या आत होत्या, एका जिन्याच्या अंतरावर, चालत्याबोलत्या. मी त्यांच्या उशाशी बसणार होते, त्यांचे पाय चेपणार होते, हे सगळं मी किती दिवस मनात घोळवलं होतं. एका माणसाच्या बाबतीत ते हुकलं होतं, दुसऱ्याच्या बाबतीत हुकू द्यायचं नव्हतं, आणि ही बाई मला वर येऊ देत नव्हती. मी त्या मुलीला म्हटलं, "त्यांना सांगा, ही माणुसकी नाही." तिने पुन्हा आत फोन केला. उत्तर आलं, "शिरा ठेवून जा."

शिरा ठेवून आले. परतीच्या ट्रेनमध्ये मी वाटेल ते बोलले त्यांना मनात. नंतर सातो-सान भेटले, तर त्यांनाही परत पाठवलं होतं. ते तेवढे चिडले नव्हते. म्हणाले, "त्यांनी सगळ्यांचा निरोप शुद्धीवर असताना घेतला. यापुढे त्या दुखणाईत होणार, विसरणार, कदाचित रागावणार. ते त्यांना आपल्याला द्यायचं नसेल." मी म्हटलं, पण मला हवं होतं ना. सातो-सान म्हणाले, "हो. तुम्हाला हवं होतं."

पानं लाल व्हायच्या दिवसांत ते मला सुपरमार्केटमध्ये भेटले, हातात मुळा. म्हणाले, मामी गेल्या. कधी? उन्हाळ्यातच. पुतणीने कुणालाच कळवलं नाही, विधी झालेला आहे म्हणून. मी तिथे भाज्यांसमोर उभी राहिले आणि रडू यायची वाट बघितली. मला धक्का बसला तो त्या गेल्याचा नाही. त्या गेल्या याचा अर्थ लावायला मन चाचपून बघितलं, तर त्यांना सांगायचं असं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं. एक अक्षर नव्हतं. दुःख होतं, भरपूर होतं, पण त्यात टोचणारं काही नव्हतं. असं दुःख मला माहीतच नव्हतं.

सातो-सान जायला निघाले. मी त्यांना थांबवून म्हटलं की तुम्ही माझ्याशी नेहमी सावकाश जपानी बोललात, मला कळावं म्हणून, ते माझ्या लक्षात आहे. ते बिचारे मुळा घेऊन कितीतरी वेळ वाकत राहिले.

घरी येऊन मी भाजीची पिशवीही ओट्यावर न ठेवता बाबांना फोन लावला. पुण्यात दुपारच्या चहाची वेळ. बाबा फोनवर चार वाक्यं बोलतात, त्यांतली दोन हवामानावर. त्यांना हवामानापर्यंत पोचूच दिलं नाही. म्हटलं, "बाबा, ऐका. मी इथे सुखात आहे. थंडी वगैरे सगळं मी उगीच सांगते, मला आवडते थंडी. आईला हे कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय. आणि मी पहिल्यांदा निघाले तेव्हा तुम्ही विमानतळावर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, नुसतं माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होतात. तुम्हाला मी जायला नको होतं, तरी तुम्ही माझ्या आड आला नाहीत. ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्यासारखा बाप मिळाला म्हणून मी इथवर आले."

पलीकडून बाबांचा घाबराघुबरा स्वर, "मेधा, काय झालंय? डॉक्टरांकडे गेली होतीस का? खरं सांग."

म्हटलं, "मला काही झालेलं नाही हो बाबा. ठणठणीत आहे."

"नक्की?"

"नक्की. नुसतं सांगायचं होतं."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मग बाबा म्हणाले, "मग परत एकदा सांग. मघाशी मी घाबरलो होतो, नीट ऐकलं नाही."

मी सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून.